घोडेवाल्याचा भरणा

आमच्या भागात घोडेवाला एकच. ठेंगणा, अंगाने भरलेला, कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि शर्टाच्या खिशात कायम एक स्क्रूड्रायव्हर. खऱ्या घोड्याला त्याने कधी हात लावल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही. त्याचे घोडे फायबरचे, दुकानांच्या दारात लोखंडी पायावर बसवलेले. खाचेत नाणं टाकलं की आत मोटर घरघरायची, बारीक आवाजात एक धून सुरू व्हायची आणि घोडा जागच्या जागी डुलायला लागायचा. वर बसलेलं पोर खूश, खाली उभी असलेली आई जरा मोकळी. धून संपली की घोडा थांबायचा आणि पोर भोकाड पसरायचं. मग दुसरं नाणं.

ब्रेडच्या दुकानासमोर पांढरा घोडा होता, चपलांच्या दुकानासमोर हत्ती, बागेच्या फाटकाशी बदक आणि दवाखान्याच्या आवारात विमान. सगळ्यांना मिळून घोडेच म्हणायचे. हत्तीचाही घोडाच झाला होता. सगळ्यात जास्त कमाई विमानाची. सुई टोचायच्या आधी पोराला लालूच म्हणून एकदा बसवायचे आणि टोचून झाल्यावर गप्प करायला पुन्हा एकदा.

घोडे त्याच्या मालकीचे नव्हते. घोड्यांच्या आधी त्याचं दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. पंखे, मिक्सर, इस्त्र्या. लोक बिघडलेली वस्तू दुरुस्त करण्याऐवजी टाकून द्यायला लागले तसं दुकान बसलं. अगदी बंद करायच्या बेतात असताना एक उंच, किरकोळ अंगाचा माणूस पिशवीतून मोटर घेऊन आला.

"कशातली आहे?"

"घोड्यातली," तो माणूस म्हणाला.

गिऱ्हाईक थट्टेखोर दिसतंय, असं त्याला वाटलं. पण मोटर उघडली तर कॉइल खरंच जळलेली होती. त्याने ती नवी गुंडाळून दिली. आठवड्याने तोच माणूस परत आला, स्टुलावर बसला, चहा प्यायला आणि म्हणाला, "मी राहतो लांबच्या गावात. दर वेळी येणं होत नाही. तुम्ही बघाल का माझे घोडे?"

बोलणी तिथेच झाली. घोडे चालते ठेवायचे, पेट्या उघडायच्या, निघेल त्यातला चौथा हिस्सा ठेवून घ्यायचा आणि बाकीचे मालकाच्या खात्यात भरायचे. जागांचं भाडं मालक परस्पर पाठवणार.

"आणि हिशेब?"

"तो बँक ठेवेल," मालक म्हणाले आणि उठले.

पुढे बरीच वर्षं हे असंच चाललं. मालक फार क्वचित यायचे. फोन मात्र करायचे, आणि दर वेळी सुरुवात एकच. "घोडे काय म्हणतात?" मग घोडेवाला सांगायचा, बदकाचा आवाज बसलाय, हत्तीचा पट्टा सैल झालाय. तब्येतीपाण्याची चौकशी, घरचं काही, दोघांनीही कधी काढलं नाही. मालकांना बायकापोरं आहेत की नाहीत, हेही त्याला ठाऊक नव्हतं.

रविवारी संध्याकाळी पेट्या रिकाम्या व्हायच्या. घरी जमिनीवर चादर अंथरून त्यावर सगळी नाणी ओतायची आणि नवरा-बायकोने समोरासमोर बसून ती निवडायची. त्यात नाण्यांखेरीजही बरंच निघायचं. लोखंडी वायसर, शर्टाची बटणं, कुठल्या कुठल्या देशांची नाणी. एकदा दुधाचा दात निघाला. तो बायकोने बरेच दिवस टाकला नाही, कोणी मागायला आलं तर असावा म्हणून. ती शिवणकाम करायची, त्यामुळे बटणं तिच्या डब्यात जायची. नाण्यांच्या पिशव्याही तिनेच नवऱ्याच्या जुन्या पायजम्याचे पाय कापून शिवल्या होत्या. मोठ्या नाण्यांच्या पिशवीला लाल नाडी, छोट्यांच्या पिशवीला पांढरी.

"घरात एवढा पैसा लोळतोय," ती शेजारणींना म्हणायची, "पण आपला त्यात फक्त चुरा."

पैसे भरायला माणूस आला की बँकेला आनंद होत असेल, अशी त्याची समजूत होती. ती पहिल्याच दिवशी गेली. काउंटरवर त्याने पिशवी ठेवली, आतून आवाज आला, आणि काचेपलीकडच्या कॅशियरबाईंचा चेहरा पडला.

"हे काय आणलंत?"

"पैसे."

"ते दिसतंय मला. मोजायचे कोणी?"

"मी मोजलेत."

"तुम्ही मोजलेत म्हणून मी मोजायचे नाहीत का?"

त्यांनी मोजले. मोजेपर्यंत रांग दारापर्यंत गेली. मागून कोणीतरी ओरडलं, "पुढे घोडं कुठे अडलंय?" त्या माणसाला बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं, पण ब्रेडवाला रांगेत होता. तो खो खो हसत सुटला आणि त्याने सगळ्यांना समजावून सांगितलं. तेव्हापासून बँकेतही त्याचं नाव घोडेवालाच पडलं.

बाईंनी हळूहळू त्याला वळण लावलं. सगळ्या पिशव्यांत सारखी नाणी भरायची, म्हणजे एक पिशवी मोजायची आणि बाकीच्या काट्यावर तिच्याशी ताडून बघायच्या. स्लिप घरून भरून आणायची. आणि यायचं ते मंगळवारी दुपारी, तीननंतर, गर्दी ओसरल्यावर. तो तसंच करायला लागला. बाईंचा नातू दवाखान्यातल्या विमानाचा भक्त होता हे त्याला पुढे कळलं, तेही बाईंनी तक्रार केली म्हणून. "तुमचं विमान फार लवकर उतरतं हो," त्या पावतीवर शिक्का मारता मारता म्हणाल्या होत्या.

अशाच एका मंगळवारी तो पिशव्या घेऊन गेला. बँकेत वायरिंगचं काम चाललं होतं, पंखे बंद होते. बाईंनी स्लिप घेतली, खात्याचा नंबर टाकला आणि त्यांचा हात थांबला. चष्मा नीट करून त्यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

"या खात्यात भरता येणार नाहीत."

"का? मागच्या मंगळवारी भरलेत की."

"खातं थांबवलंय."

"कोणी? मालकांनी?"

बाईंनी स्लिप बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "तुम्ही त्यांचे कोण लागता?"

"लागत नाही कोणी. मी त्यांचे घोडे बघतो."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. बाई हसल्या नाहीत. काचेच्या खिडकीशी तोंड आणून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ते वारले. घरच्यांनी बँकेला कळवलंय. तुम्हाला कोणी बोललं नाही?"

"नाही."

"मग मीही बोलायला नको होतं बहुतेक. पण आता बोलून गेले."

पिशव्या काउंटरवरच होत्या. एकीची नाडी बाईंनी मघाशी सोडली होती, ती त्यांनी परत बांधली.

"मग हे?" त्याने विचारलं.

"परत न्यावे लागतील."

तो बाहेर येऊन पायरीवर बसला. मालकांचा नंबर लावला, फोन बंद होता. आठ-दहा दिवसांपूर्वीच तर हत्तीच्या पट्ट्यावरून बोलणं झालं होतं. नवा पट्टा पाठवतो म्हणाले होते. आपल्याला वाईट वाटतंय की नुसताच धक्का बसलाय, हे त्याचं त्यालाच कळेना. ज्या माणसाला उभ्या आयुष्यात पाच-सात वेळा पाहिलं, त्याच्यासाठी रडावं तर लोक म्हणतील नाटक करतो, आणि न रडावं तर तेही बरं दिसेना. पिशव्या उचलून तो घरी आला. परतीच्या वाटेवर त्या नेहमीपेक्षा जड लागल्या, कारण एरवी येताना हात रिकामे असत.

बायकोने पिशव्या पाहिल्या आणि विचारलं, "बँक बंद होती का?"

"बँक चालू आहे. मालक गेले."

ती हातातलं शिवण ठेवून बसली. पिशव्यांकडे बघत म्हणाली, "मग आता हे सगळं कोणाचं?"

"तेच कळत नाही."

"आपलं तर नाही ना?"

"आपलं कसं असेल?"

"मी नुसतं विचारलं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो बँकेच्या मॅनेजरना भेटला. मालकांच्या घरचा पत्ता देता येणार नाही, पण तुमचा नंबर त्यांच्यापर्यंत पोचवतो, असं मॅनेजर म्हणाले. तो फोनची वाट बघत राहिला. फोन आला नाही. घोडे मात्र कोणासाठी थांबले नव्हते. पोरं बसतच होती, पेट्या भरतच होत्या. पेटी गच्च झाली की नाणं वरच अडकतं आणि मोटर सुरू होत नाही, म्हणून रविवारी त्या उघडाव्याच लागत. तो आपला चौथा हिस्सा काढून घेई आणि बाकीचे पलंगाखाली सरकवी. पलंगाखालचा साठा वाढत चालला. झाडू मारताना बायकोला पिशव्या हलवाव्या लागायच्या आणि दर वेळी ती काहीतरी पुटपुटायची.

ब्रेडवाल्याचं मत स्पष्ट होतं. "मालक गेला, मागे कोणी दिसत नाही. तू कशाला उकरत बसतोस? गप राहा की."

 हा विचार घोडेवाल्याच्याही मनात येऊन गेला होता. किल्ल्या त्याच्याच कमरेला होत्या, आणि चारी यंत्रांच्या पोटात काय आहे हे त्याच्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. आणखी सहा महिने कोणी आलं नाही तर पांढऱ्या घोड्यावर आपला हक्क सांगायला काय हरकत आहे, असंही त्याने एकदा बायकोला विचारलं होतं. ती म्हणाली, "सहाच महिने का? वर्ष म्हणा, जरा बरं दिसेल." त्यावर दोघंही हसले आणि विषय तिथेच राहिला.

त्याला हलवलं ते चपलांच्या दुकानदाराने. "या महिन्याचं भाडं आलं नाही. उचल तुझा हत्ती."

हत्ती उचलायचा तर कोणाला विचारून? आणि ठेवायचा कुठे? भाडं पलंगाखालच्या पैशांतून द्यावं तर तो मालकाचा पैसा मालकाला न विचारता खर्च केल्यासारखं. कोणीतरी मालक असल्याशिवाय हे पुढे सरकेना. मालक एकदा बोलता बोलता म्हणाले होते की ते बसस्टँडसमोरच्या औषधाच्या दुकानावर राहतात. एवढ्या आधारावर तो निघाला. जमेल तेवढ्या चिल्लरीच्या त्याने ब्रेडवाल्याकडून आणि दोन-तीन दुकानांतून नोटा करून घेतल्या, त्या आतल्या खिशात ठेवल्या. तरी एक मोठी पिशवी उरलीच, ती त्याने सोबत घेतली.

बसमध्ये खड्ड्याखड्ड्याला पिशवी वाजत होती. शेजारचा प्रवासी बराच वेळ ऐकत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

"काय हो, बँक लुटलीत की काय?"

"लुटायचीच असती तर नोटा नसत्या का घेतल्या?"

प्रवासी हसला आणि मग उतरेपर्यंत स्वतःचा खिसा धरून बसला.

औषधाचं दुकान सापडलं. दुकानदाराने वरच्या जिन्याकडे बोट दाखवलं. "काका होय? इथेच गेले, जिन्यात. सकाळी दूध आणायला उतरत होते. वर एकच खोली होती त्यांची, ती आता दुसऱ्याला दिलीये."

"घरचं कोणी?"

"बहीण आहे. दोन गल्ल्या सोडून. पण त्यांचं यांचं बोलणं नव्हतं. का, ते विचारू नका, मलाही माहीत नाही."

बहिणीचं घर पहिल्या मजल्यावर होतं. दार उघडलं ते साठी उलटलेल्या, ताठ पाठीच्या बाईंनी. टेलिफोनच्या ऑफिसात नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या. बोलण्याची पद्धत अजून तशीच होती. समोरच्याने मुद्द्याचं बोलावं आणि लाइन मोकळी करावी. खुर्च्यांवर प्लास्टिकची आवरणं होती. घोडेवाला त्यातल्या एकीवर टेकला, तशी ती करकरली.

"मी तुमच्या भावाकडे कामाला होतो," तो म्हणाला. "त्यांचे घोडे बघायचो."

बाईंचा चेहरा क्षणात कडक झाला. "किती देणं होतं त्याचं?"

"देणं?"

"हे बघा, मी सरळ सांगते. त्याच्या खात्यात जे असेल ते असेल, ते मी बघेन. पण त्याच्या घोड्यांपायी मी एक पैसाही द्यायची नाही. म्हणूनच बँकेने दिलेल्या तुमच्या नंबरावर मी फोन केला नाही. वडिलांच्या घरातला स्वतःचा वाटा विकला त्याने घोड्यांसाठी. मला फोन करून अभिमानाने सांगितलं, ताई, घोडे घेतले. तेव्हाच मी त्याला म्हटलं, या घराची पायरी चढू नकोस."

घोडेवाल्याने पिशवी पायाशी सरकवून घेतली.

"आई गेली तेव्हा आला होता," बाई पुढे बोलतच होत्या. "मी विचारलं, सुटले का रे ते घोडे? तर मला म्हणतो, नाही गं, आता एक हत्तीपण आहे. आई समोर, आणि हा माझी थट्टा करतोय. त्यानंतर मी त्याच्याशी बोलले नाही. एका गावात राहून नाही बोलले. शर्यतींच्या नादाने माणूस कुठे जातो ते मी पाहिलंय."

"हत्ती आहे, ताई," घोडेवाला म्हणाला.

"काय?"

"चपलांच्या दुकानासमोर. त्याच्यावरूनच आलोय मी. भाडं थकलंय त्याच्या जागेचं."

मग त्याने आतल्या खिशातल्या नोटा काढून टेबलावर ठेवल्या, शेजारी पिशवी ठेवली, नाडी सोडली आणि सावकाश सगळं सांगितलं. नाणं टाकलं की मोटर कशी फिरते, मोटरवर पट्टा कसा असतो, पोरं कशी बसतात. विमान कुठे आहे, बदक कुठे आहे. बाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. त्याचं संपल्यावर त्यांनी पिशवीतलं एक नाणं उचललं, उलटसुलट पाहिलं आणि परत ठेवलं.

"म्हणजे लहान मुलांचे?"

"हो."

"शर्यतीचे नाहीत."

"ते जागचे हलत नाहीत ताई. नुसतेच डुलतात."

बाई उठून आत गेल्या. आतून नळ सोडल्याचा आवाज आला आणि बराच वेळ येत राहिला. घोडेवाला करकरणाऱ्या खुर्चीवर अंग चोरून बसून होता. निघावं की थांबावं, काही सुचेना. पिशवी टेबलावर उघडी होती, ती सोडून जाणंही बरं दिसलं नसतं. अखेर बाई चहाचे दोन कप घेऊन बाहेर आल्या. चेहरा धुतलेला होता.

"साखर घातलीये," त्या म्हणाल्या. "चालते ना?"

पुढच्याच आठवड्यात त्या घोडे बघायला आल्या. त्याने त्यांना एकेक ठिकाणी नेलं. बदकापाशी त्या थांबल्याच नाहीत. विमानापाशी जरा रेंगाळल्या. ब्रेडच्या दुकानासमोर पांढऱ्या घोड्यावर एक चार वर्षांची मुलगी बसली होती, दोन्ही हातांनी लगाम धरून, अगदी गंभीरपणे. बाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या. घोडा डुलत होता, धून वाजत होती.

"एवढं सांगायला काय झालं होतं त्याला?" बाई अचानक म्हणाल्या.

घोडेवाल्याला वाटलं आपल्याला विचारतायत. "त्यांना वाटत असेल, तुम्हाला माहीतच असणार."

"मला कसं माहीत असणार? मी काय ज्योतिषी आहे? एक वाक्य! ताई, खेळण्यातले घोडे आहेत. जीभ झडली असती का तुझी? एवढी वर्षं दोन गल्ल्यांवर राहिलास आणि..." आवाज चढत गेला. ब्रेडवाला हातातली पिशवी तशीच धरून दारात आला. रस्त्यावरचे दोघे-तिघे थांबले. बाई घोड्याला बोलतायत की मुलीला, कोणाला काही समजेना. मुलीला मात्र आपल्यालाच रागावतायत असं वाटलं आणि ती धून संपायच्या आधीच रडायला लागली.

त्या रडण्याने बाई भानावर आल्या. पर्समधून नाणं काढून त्यांनी खाचेत टाकलं. "बस गं तू," त्या मुलीला म्हणाल्या. "तुला नाही बोलले."

मुलगी बसली नाही. तिची आई तिला उचलून घेऊन गेली आणि घोडा रिकामाच डुलत राहिला. तो थांबेपर्यंत बाई तिथून हलल्या नाहीत.

दुपारी त्या घोडेवाल्याच्या घरी जेवल्या. जेवताना दोन्ही बायकांचं पटलं नाही, कारण भाजीत मीठ कमी आहे असं बाई म्हणाल्या आणि बायकोला ते लागलं. "आमच्याकडे एवढंच घालतात," ती म्हणाली. पण मग नाणी निवडायला तिघं बसली तेव्हा बाईंचा हात इतका झरझर चालला की बायको गप्प झाली. जाताना तिने त्यांच्या पदरात, म्हणजे पर्समध्ये, सुट्या बटणांची एक पुडी टाकली. हे तिचं सगळ्यात मोठं प्रेम होतं.

वारसाची कागदपत्रं व्हायला बरेच महिने गेले. तोवर काय करायचं ते बाईंनी ठरवून टाकलं होतं. हत्तीचं थकलेलं भाडं त्यांनी दिलं. घोडेवाल्याचा हिस्सा चौथ्यावरून निम्म्यावर नेला. "तुम्ही आला नसतात तर मला हे मरेपर्यंत कळलं नसतं," एवढंच कारण त्यांनी सांगितलं. घोडेवाल्याने नको नको म्हटलं, पण एकदाच. आणि भरणा ज्यात करायचा ते खातं त्यांनी दोघांच्या नावाने काढायला लावलं.

त्या दिवशी ते दोघं बँकेत गेले तेव्हा कॅशियरबाईंनीच फॉर्म भरून दिला.

"व्यवसाय काय लिहू?"

"घोडे," घोडेवाला म्हणाला.

"अहो, हा फॉर्म वर जातो. वरच्यांना काय वाटेल?"

"स्वयंरोजगार लिहा," मालकांच्या बहिणीने निकाल दिला. "नुसतं घोडे म्हटल्याने आमच्या घरात पुरेसा गोंधळ झालाय."

कॅशियरबाईंना त्यातलं काही कळलं नाही, पण त्यांनी लिहिलं. मग विचारलं, "तुमचं स्वतःचं आधी कुठे खातं होतं?"

नव्हतं. इतकी वर्षं दर आठवड्याला बँकेत येणाऱ्या माणसाचं स्वतःचं खातंच नाही, हे ऐकून कॅशियरबाईंनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. त्याला त्यात विशेष काही वाटत नव्हतं. त्याच्या हिश्श्याचे पैसे हातात यायचे आणि हातातूनच जायचे, त्यासाठी मध्ये बँक कशाला?

त्यानंतरही दिवस सरळ गेले असं नाही. चपलांच्या दुकानाच्या जागी फोनचं दुकान आलं. त्या नव्या माणसाला दारात हत्ती नको होता, तो शेवटी भंगारात द्यावा लागला. बहिणीने त्याचा सोंडेकडचा तुकडा मागून घेतला आणि आपल्या घरी नेला. तो तिथे कसा दिसतो ते घोडेवाल्याने पाहिलेलं नाही. महिन्यातून एकदा त्या येतात, ब्रेडच्या दुकानातल्या बाकावर बसतात, ब्रेडवाल्याशी वाद घालतात आणि संध्याकाळच्या बसने परत जातात. कॅशियरबाई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेला मुलगा नाण्यांची पिशवी पाहिली की पहिल्या दिवसाच्या बाईंसारखाच चेहरा करतो, आणि घोडेवाला आता त्याला वळण लावतोय.

बायकोच्या शिलाई यंत्राला मोटर बसवायची असं बरेच दिवस तिच्या मनात होतं. घोडेवाल्याच्या कानावर ते होतं. एका मंगळवारी भरणा करून झाल्यावर तो काउंटरवरच उभा राहिला.

"आणखी काही?" मुलाने विचारलं.

"काढायचेत थोडे."

"मग काढायची स्लिप भरा. तिकडे आहेत."

घोडेवाला तिकडे गेला आणि बराच वेळ त्या चिठ्ठीकडे बघत राहिला. भरण्याची स्लिप तो डोळे मिटून लिहू शकत होता. ही वेगळी होती. शेजारच्या माणसाला विचारून त्याने ती कशीबशी पुरी केली, सही दोनदा केली, आणि नोटा हातात आल्यावर त्या तिथेच उभं राहून मोजल्या, कोणी ओरडेपर्यंत.

घरी येऊन त्याने त्या बायकोच्या मांडीवर ठेवल्या.

"हे काय?"

"बँकेतून काढले."

"काढले?" ती एकदम घाबरली. "कशाला? काय झालं? कोणी आजारी आहे का?"

"काही नाही झालं. तुझ्या मोटरसाठी."

तिने नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि त्याच्याकडे बघितलं. "मोटर तुम्ही बसवून द्याल की घरीच. बदकाची जुनी पडलीये ना पलंगाखाली?"

"ती बदकाची आहे. आवाज करेल."

"करू दे," ती म्हणाली आणि नोटा त्याच्या हातात परत ठेवल्या. "उद्याच जाऊन हे भरून या."